पेटीचे चार नट

मला स्वस्थ बसवत नाही. आज नाही, लहानपणापासून. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी हाय." भात शिजायला टाकला तर मी चारदा झाकण काढून बघणार, पत्र टाकलं तर दुसऱ्या दिवसापासून पोस्टमनची वाट बघणार. तेव्हा खिडकीबाहेर फुलांची पेटी लावायचं खूळ घरात निघालं ते माझ्याच डोक्यातून, हे वेगळं सांगायला नको.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. भिवंडीच्या नारपोलीत आमची एक खोली, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण राहायची. कोकणी मुसलमान बाई, तीन पिढ्यांपासून भिवंडीतली, तिला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून कारखाना. भिवंडीत कारखाना म्हटलं की यंत्रमागांचाच, दुसरं काही मनात येतच नाही. खटाखट, खटाखट, रात्रंदिवस. बंद राहायचा तो फक्त शुक्रवारी. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिना मी कानांत कापूस घालून झोपायचे. मग सवय झाली. नुसती कानांना नाही, तळपायांनाही झाली. हे आमच्या ध्यानात यायला मात्र पुढे आईच यावी लागली.

हे त्याच कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की तो खोलून, नीट करून चालू करायचा, हे जॉबरचं काम. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. त्या आवाजात वर्षं काढल्यानं यांना अर्धं ऐकू यायचं आणि बोलायचे त्याहून अर्धं. मी दहा वाक्यं बोलले की यांचं एक 'हूं'. दगडाशी संसार करतेय असं मी यांच्या तोंडावर म्हणायचे. त्यालाही 'हूं'.

त्या वर्षी आईला आणलं. गणेशपुरीजवळच्या गावात ती एकटी राहत होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. परड्यात मोगरा होता. पहाटे कळ्या खुडायच्या, गजरे करायचे आणि आश्रमाला येणाऱ्या लोकांना एसटी स्टँडवर विकायचे, हे तिचं चाललं होतं. पण दोनदा चक्कर येऊन पडली. दुसऱ्यांदा बांधावर पडली ती तासभर कोणाला दिसलीच नाही. शेजाऱ्यांचा निरोप आला तशी मी गेले आणि भांडून, रडून, हाताला धरून तिला घेऊन आले.

आली खरी, पण राहिली नाही. म्हणजे खोलीत होती, पण राहिली नाही. बरोबर आणलेलं गाठोडं तिनं सोडलंच नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं ते गाठोडं खाटेखाली भिंतीला टेकवून ठेवलेलं. नेसायचं एक लुगडं काढायची, धुतलेलं परत आत ठेवायची आणि गाठ मारायची. मी म्हटलं, "आई, फळीवर जागा केलीय, लाव की तुझे कपडे." तर म्हणे, "राहू दे. जायचंच हाय."

"कुठं जायचंय?"

"घरी. लेकीच्या दारात का कोनी म्हातारपन काढतं? एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही, त्याची अक्कल जाई."

यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, ताटात दुसऱ्यांदा भात घ्यायची नाही. चहा दिला की 'कशाला उगाच' म्हणायची. कामाला हात लावायला गेली की मीच ओरडायचे, "बस गं, आयुष्यभर राबलीस." आणि ती बसायची. दिवसभर खाटेवर बसून खिडकीबाहेर बघायची. बाहेर काय, तर गल्लीपलीकडच्या दुसऱ्या कारखान्याचा पत्रा. मला ते बघवेना. जेवण कमी होत चाललं, मनगटं काडीसारखी झाली. आज म्हणेल जाते, उद्या म्हणेल जाते, आणि गेली की तिसऱ्यांदा पडेल आणि या वेळी कोणाला दिसणारसुद्धा नाही. एवढंच माझ्या डोक्यात फिरायचं. पोळी तव्यावर करपायची तरी मी तिथंच.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली होती, "बाय, तुजं घर थरथरतंय गं."

मी हसले. यांना ओरडून सांगितलं, तर हेही हसले. "कुठं थरथरतंय? काही नाही आई, नवीन आहात म्हणून वाटतं," हे म्हणाले. यांनी एवढं मोठं वाक्य बोललेलं बघून मला तर तीच बातमी वाटली.

मग माझ्या डोक्यात आलं, हिला फुलं नाहीत म्हणून करमत नाही. कुंड्या ठेवायला जागा कुठं होती? जिन्यात खाला ठेवू देईना. तेव्हा खिडकीच्या बाहेर पेटी. लाकडी, लांब, खिडकीच्या रुंदीएवढी, तीत माती आणि झाडं. हे कारखान्यातून सुट्या भागांच्या खोक्याच्या फळ्या मालकाला विचारून घेऊन आले. वेल्डरकडून लोखंडी अँगलचे दोन हात करून आणले. खालाची परवानगी काढायला मी तीन वेळा खाली गेले. ती दारातल्या ओट्यावर, बरोबर आमच्या खिडकीखाली, दिवसभर बसायची. म्हणाली, "लाव गं बाय, पण माझ्या टाळक्यावर पडली तर? एक तर डोकं आहे, तेही फुटकं."

"पडतेय कशाला? जॉबरनं लावलेली पेटी!" मी छाती काढून सांगितलं.

एका शुक्रवारी यांनी छिन्नीनं भिंतीला भोकं पाडली आणि सिमेंटमध्ये चार बोल्ट गाडले. पुढच्या शुक्रवारी पेटी चढवायची ठरली. शुक्रवार का, तर त्या दिवशी हे घरी. हे गल्लीत शिडीवर, मी खिडकीतून पेटीचं एक टोक धरलेलं, खाला खालून सूचना करतेय, "डावीकडे, अरे डावीकडे, तुझी डावी नाही, माझी डावी!" यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं हे बरंच झालं. लोखंडी हात बोल्टांवर चढले, वर नट, पान्यानं आवळले. पेटी सरळ बसलीय का ते बघायला मी बशीत काठोकाठ पाणी घालून पेटीवर ठेवली. पाण्यावर एक सुरकुती नाही. मी म्हटलं, "बघ आई, देवघरासारखी बसली." आई खाटेवरूनच 'हां' म्हणाली.

कशेळीच्या पुलाकडून एक माणूस सायकलवर रोपं घेऊन यायचा. त्याच्याकडून सदाफुली घेतली, झेंडू घेतला आणि सकाळी दहाला उमलणारी ऑफिस टाइमची गुलाबी फुलं घेतली. माती भरली, रोपं लावली. आईला हाताला धरून खिडकीशी आणलं. तिनं सदाफुलीकडे बघितलं, पानाला बोट लावलं आणि म्हणाली, "छान हाय. मंग मला कधी सोडतेस?"

खरं सांगते, त्या क्षणी मला पेटी उपटून गल्लीत फेकावीशी वाटली.

शनिवारी कारखाना सुरू झाला. रविवार गेला. सोमवारी सकाळी आई म्हणाली, "ती पेटी वाजते गं."

"कुठं वाजते? मला तर नाही येत ऐकू."

आई उठली, बशी घेतली, तीत पाणी घातलं आणि पेटीच्या काठावर ठेवली. शुक्रवारी आरशासारखं असलेलं ते पाणी आता कडेपासून मधोमध थरथरत होतं, बारीक बारीक वळ्या उठत होत्या. मी भिंतीला हात लावला. काही कळलं नाही. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती आणि मला लाज वाटली.

"थांब, हे आले की सांगते," मी म्हणतेय तोवर खालून किंकाळी. एक नट सुटून थेट खालाच्या सुपात पडला होता. ती तांदूळ निवडत होती.

"या अल्ला! अगं ए जॉबरीण! खडे निवडून निवडून डोळे गेले, आता लोखंड पण निवडू का?"

मी धावत खाली, नट घेऊन धावत वर. वर येऊन बघते तर आई खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकून एका हातानं पेटीचा लोखंडी हात दाबून धरून उभी! चक्कर येणारी बाई! मी ओरडले, "आई, आत ये!"

"नट दे," ती म्हणाली. "आन् पाना कुठं हाय?"

तिनंच तो नट फिरवून बसवला. आयुष्यात पाना धरला नव्हता, पण विहिरीच्या रहाटाला, गाडीच्या कण्याला हात लावलेली बाई. मग बाकीचे तीन तपासले, तेही सैल झालेले. तेही आवळले. आत आली तेव्हा दम लागलेला, पदर खांद्यावर. तसाच राहिला.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे खिडकीशी गेले, भिंतीवर हात ठेवून उभे राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला. कारखान्यात हा माणूस रबर आणि दुसरा नट घातल्याशिवाय एक बोल्ट बांधत नाही, कारण मागाच्या हादऱ्यानं साधा नट दोन दिवसांत सुटतो. आणि घरी, त्याच मागांनी हादरणाऱ्या भिंतीवर, साधे चार नट आवळून मोकळा! का, तर शुक्रवार होता, भिंत गप्प होती, आणि बाकीचे सहा दिवस ती हलते हे आम्ही दोघंही केव्हाच विसरून गेलो होतो. "आईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," हे म्हणाले. मी म्हटलं, "हो, आणि हसलं कोण?" "दोघं," हे म्हणाले. या एका वेळी खोटं बोलले असते तर बरं वाटलं असतं.

खालानं फर्मान काढलं. शुक्रवारपर्यंत पक्कं करा, नाहीतर उतार दो. तोवरच्या चार दिवसांत माझी काय गत झाली म्हणून सांगू! मी दर अर्ध्या तासानं खिडकीशी. गल्लीतून पोर गेलं की वरून ओरडायचे, "ए, बाजूनं जा!" आई म्हणायची, "बस की गं. सकाळी आवळलेत मी." रोज सकाळी चहा झाला की ती पाना घेऊन खिडकीशी जायची, चारही नट फिरवून बघायची.

आणि गुरुवारी तिनं तोंड उघडलं, "उद्या मला घरी ने."

मी पुष्कळ आदळआपट केली. भांडी आपटली. हे म्हणाले, "घेऊन जा त्यांना. घर बघून या. मी इकडे पेटीचं बघतो." मला इतका राग आला! मनात म्हटलं, यालाही ती नकोच आहे. आणि याच जावयासमोर ती डोक्यावरचा पदर सांभाळत होती! रात्रीचं जेवणसुद्धा मी यांना न बोलता वाढलं.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. गाठोडं आईच्या मांडीवर. घर उघडलं, झाडलं. ती परड्यात गेली. पाण्यावाचून मोगऱ्याच्या चार-दोन झाडांची पानं गळली होती. ती तिथंच उकिडवी बसली, मुळाशी हात घालून माती भुसभुशीत करत. मी बांधावर उभी, एकदा घड्याळ बघतेय, एकदा तिला. परतीची गाडी साडेचारची. चार वाजले. "आई, चल." हाताची माती झटकत उठली. स्टँडवर आलो तर बाकावर बसली आणि गाठोडं पायाशी ठेवलं. गाडी आली. म्हणाली, "तू जा बाय. मी ऱ्हाते."

मी रडायलाच लागले. भर स्टँडवर, लोक बघतायत. "पडलीस तर? मेलीस तर? मला कोण कळवणार? मी तिकडे कशी राहू, सांग ना!" कंडक्टर म्हणतोय, "बाई, येताय का, घंटी देऊ?"

आईनं माझ्याकडे बघितलं. मग गाडीकडे. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "उद्या शनवार न्हाय का?"

"हो. मग?"

"मंग कारखाने चालू व्हतील. नट कोन आवळंल? तुला तर थरथर कळत पन न्हाय." आणि उठली. माझ्याआधी गाडीत चढली. बसल्यावर मी बघितलं, गाठोड्यातून मोगऱ्याच्या दोन काड्या बाहेर डोकावत होत्या.

त्यानंतर ती जाते म्हणाली नाही. मोगरा पेटीत लावला, सदाफुली डब्यात गेली. यांनी त्या शुक्रवारी काय केलं ते मी विचारलं. "रबर घातलं," हे म्हणाले. "सुटणार नाही ना आता?" "आवळावं लागेल रोज," एवढंच. मला काळजीच लागून राहिली, पण आई म्हणाली, "जावई, त्ये माज्यावर सोडा." ती त्याला ड्युटी म्हणायची. सकाळी पाळी बदलायच्या सुमारास खाली ओट्यावर जाऊन खालाबरोबर उन्हाला बसायचं, मग वर यायचं, चहा घ्यायचा आणि पाना घेऊन खिडकीशी. "अर्धा फेरा सुटलाय," रोज सांगायची. हे जेवत असले तर मान डोलावायचे. ताटात दुसऱ्यांदा भात घेऊ लागली. मागून घेऊ लागली! मोगऱ्याला कळ्या आल्या तेव्हा खालाला गजरा गेला आणि खालानं खिमा पाठवला. आई माळकरी, तो आम्ही दोघांनी खाल्ला.

दोन वर्षं अशीच गेली. रोज त्या वेळी मी खालच्या नळावर रांगेत असायचे. एका सकाळी पाणीच आलं नाही, म्हणून रिकामी कळशी घेऊन लवकर वर आले. आई खाली उन्हात होती. हे रात्रपाळीहून आलेले. खिडकीतून वाकलेले, हातात पाना. मला वाटलं, आज हेच आवळतायत. मग नीट बघितलं. पाना उलटा फिरत होता. एक नट, अर्धा फेरा. दुसरा नट, अर्धा फेरा.

माझं डोकंच फिरलं. कळशी टाकली ती जिन्यापर्यंत गडगडत गेली. "अहो! काय करताय? ढिले करताय? पेटी आईच्या डोक्यात पाडायचीय? ती खाली बसलीय! एवढी जड झाली तर तोंडानं सांगायचं होतं, मी तिला घेऊन गेले असते!" काय काय बोलले, आता आठवलं तरी लाज वाटते. यांनी सगळं ऐकून घेतलं. अर्धंच ऐकू आलं असेल म्हणा.

मग यांनी मला खिडकीशी ओढलं आणि बोट दाखवलं. पेटीच्या खालून दोन जाड लोखंडी पट्ट्या भिंतीच्या आरपार आल्या होत्या. आतल्या बाजूला, आमच्या ट्रंकांच्या मागे, त्यांना वीतभर प्लेट, रबर आणि दुहेरी नट. दोन वर्षं मी त्या ट्रंका झाडत होते. "हत्ती बसला तरी पडणार नाही," हे म्हणाले. "ते वरचे चार नट आता नुसते दाखवायला आहेत."

"मग ढिले कशाला करता?"

हे पाना हातात फिरवत राहिले. "फुलं तू दिलीस," म्हणाले. "पण फुलांना बघत कोण किती दिवस बसेल? पाहुण्याला काम नसतं. काम असेल तर माणूस पाहुणा नसतो."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढी वाक्यं मी यांच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. मी मटकन खाटेवर बसले. नेहमीसारखी लगेच उठलेही नाही.

आई वर आली. मला राहवलं असतं तर ती मी कसली! हे आंघोळीला गेले तसं मी तिला सगळं सांगून टाकलं. ती चहा पीत ऐकत होती. मग हसायला लागली, तोंडाला पदर लावून.

"मला ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, मी आन् खाला रोज खाली बसतो न्हाय का? वर त्याचा हात दिसतो. खालानं पट्ट्या पन दावल्या व्हत्या, पयल्याच आठवड्यात. आन् हादऱ्यानं सुटलेला नट कधी मोजून सुटतो का? एक पाव सुटंल, एक आख्खा सुटंल. ह्ये रोज चारी अर्धा फेरा." तिनं कप खाली ठेवला. "त्यो रोज ढिला करतो, मी रोज आवळते. तू मधी पडू नको."

ती उठली आणि पाना घेतला. पाना कसल्याशा फडक्यात गुंडाळून ठेवायची, त्याचं तेल कशाला लागू नये म्हणून. त्या दिवशी मी ते फडकं पहिल्यांदा नीट बघितलं. गाठोड्याचं कापड होतं ते. मी खाटेखाली वाकून बघितलं. तिथं काहीच नव्हतं. कपडे फळीवर होते, कधीपासून कोण जाणे.

आई आणखी चार वर्षं होती. नव्वद साल उलटून गेलं होतं, कारखान्यांना मंदी येऊ लागली होती, पण आमच्या भिंतीपलीकडचा चालू होता. शेवटी तापाचं निमित्त झालं. शेवटच्या दिवसांत उठवत नव्हतं तरी सकाळी विचारायची, "किती सुटलेत?" मी नट आवळून सांगायचे, "अर्धा फेरा." "हां," म्हणायची आणि डोळे मिटायची.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे रात्रपाळीहून आले, चपला काढल्या आणि सरळ खिडकीशी गेले. मी चहा ठेवत होते. सवयीनं चारही नट अर्धा अर्धा फेरा ढिले करून झाले, आणि मग यांच्या लक्षात आलं. तसेच उभे राहिले, हातात पाना, पाठ माझ्याकडे. पाठ हलत होती. मी चहा उतरवला, यांच्या हातातून पाना घेतला आणि चारही नट आवळले.

"उद्या पण ढिले करा," मी म्हटलं. यांना ऐकू गेलं नाही, म्हणून परत ओरडून सांगितलं.